नाणेघाटाखालचा अनाम मुलूख

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतले म्हणून खात्रीने ओळखता येईल असे एकही गाव प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी नावानिशी नोंदवलेले नाही. कोकणातले सोपारे त्यांना ठाऊक आहे, कल्याण ठाऊक आहे, चौल ठाऊक आहे. घाटावरचे पैठण आणि तेरही ठाऊक आहे. मधला मुलूख मात्र कोरा. काळू आणि भातसा यांच्या खोऱ्यांचा, सह्याद्रीच्या कड्याला भिडलेला हा पट्टा बंदरे आणि राजधान्या यांच्या बरोबर मध्ये पडतो, आणि तरीही त्याच्या वाट्याला एक ओळ आलेली नाही. प्राचीन व्यापारावरच्या लेखनात त्यामुळे एक गोष्ट न बोलता गृहीत धरली जाते: इथे रान होते, काफिल्यांनी ते ओलांडायचे आणि पुढे जायचे. हे गृहीतक चुकीचे आहे असे मला वाटते. सातवाहन काळातल्या किनारा-पठार व्यापाराचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात काळजीने राखलेला टप्पा याच मुलखात होता. तो राखला जात होता याचा पुरावा ग्रंथांत नसला तरी दगडात आहे, आणि तो वाचता येतो.

लहान ठिकाणे प्राचीन साहित्यात शिरतात तरी कशी, हे आधी पाहिलेले बरे. इ.स.पूर्व ३७च्या सुमारास होरेस हा लॅटिन कवी काही मंडळींसोबत रोमहून इटलीच्या आग्नेय टोकाला असलेल्या ब्रुंडिसियम बंदराकडे निघाला. या प्रवासावरच्या त्याच्या कवितेत एका छोट्या गावाचा मुक्काम आहे. गावाचे नाव छंदात बसत नाही, असे म्हणून तो ते सांगतच नाही. त्याऐवजी खुणा देतो. तिथे पाणी विकत घ्यावे लागते. रोटी मात्र इतकी उत्तम, की जाणता वाटसरू पुढच्या टप्प्यासाठी ती खांद्यावर लादून नेतो, कारण पुढे कनूसियमला मिळणारी रोटी दाताखाली खड्यासारखी लागते. एवढ्या खुणांवरून हे गाव कोणते, यावर विद्वानांनी कितीतरी पिढ्या वाद घातला आणि एकमत अजूनही झालेले नाही. पण गावाला नाव नव्हते, किंवा तिथे कोणी राहत नव्हते, असे त्यांच्यापैकी कोणीही म्हटले नाही. रोमन रस्त्यांच्या मुक्कामांच्या याद्या, मैलाचे दगड आणि गावोगावचे शिलालेख शेजारी मांडून त्यांनी ती गाळलेली जागा भरण्याचा प्रयत्न केला. इटलीतल्या एका खेड्यासाठी जी चिकाटी दाखवली गेली ती मुरबाडसाठी दाखवायला हरकत नसावी. वाटसरू काय लिहितो हे त्याच्या गरजेवर ठरते. होरेसला पाणी आणि रोटी हवी होती म्हणून त्या गावाला कवितेत चार ओळी मिळाल्या.

आपल्याकडचा मुख्य वाटसरू घाट चढलाच नाही. ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाणारे पुस्तक इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या कोणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिले. ती बंदरांची वही आहे: कुठे काय विकले जाते, काय घ्यावे, कुठला राजा काय मागतो. त्यात कल्याणविषयी जे आहे ते नीट वाचले पाहिजे. थोरल्या सरगनसच्या, म्हणजे शातकर्णीच्या, काळी कल्याण ही रीतसर पेठ होती. पण संदनेसच्या हाती गेल्यापासून तिथल्या व्यापाराला अटकाव झाला, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. त्याच्या जरा आधी तो सांगतो की पैठण भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर आहे, तेर त्याच्याही पूर्वेला १० दिवसांवर, आणि तिथला गोमेदासारखा दगड, जाडेभरडे कापड, मलमल असा माल रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो. ही दोन विधाने सहसा वेगवेगळी वाचली जातात. ती एकत्र ठेवली की नकाशाच बोलू लागतो. सरळ रेषेत मोजले तर पैठणहून कल्याण भडोचपेक्षा बरेच जवळ आहे. मग गाड्या २० दिवस उत्तरेकडे का जात होत्या? जवळची वाट राजकारणाने अडवली होती म्हणून, हे त्याचे सगळ्यात साधे उत्तर. आणि पैठणहून कल्याणला येणारी जवळची वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून मुरबाडच्या मैदानातूनच जाते. पेरिप्लसकाराने या मुलखाचे नाव घेतले नाही, पण भडोचच्या वळशाचे अंतर सांगून त्याने त्याचे महत्त्व नकळत नोंदवून ठेवले.

आता घाटाकडे. कल्याण-मुरबाड-अहिल्यानगर रस्त्यावर माळशेजच्या अलीकडे वैशाखरे गाव लागते. तिथून जवळच घाटाची पायवाट सुरू होते आणि झाडीतून, मग दगडात बसवलेल्या पायऱ्यांवरून सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथ्याकडे जाते. शेवटच्या अरुंद खिंडीत शिरण्याआधी उजेडात एक लेणे लागते. त्याच्या तोंडाशी उभे राहिले की समोर सगळे कोकण पसरलेले. आत डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या लांबलचक ओळी आहेत. मागच्या भिंतीवर एकेकाळी माणसांच्या उठावदार मूर्ती होत्या. आज पायांचे अवशेष आणि डोक्यावरची नावे उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्रीशातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. नायनिका म्हणजेच नागनिका ही महारठीची मुलगी आणि शातकर्णीची राणी. बाजूच्या भिंतींवरचा लेख तिच्या घराण्याने केलेल्या यज्ञांचा आणि दिलेल्या दक्षिणांचा आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन. मग अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, आणि प्रत्येकाबरोबर आकडे: १,७०० गाई आणि १० हत्ती, ११,००० गाई आणि १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. लेखाचा काळ इ.स.पूर्व पहिले शतक, काही अभ्यासकांच्या मते त्याहून थोडा आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम साइक्स यांनी तो युरोपीय अभ्यासकांच्या नजरेस आणला, भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या अंकचिन्हांचा उलगडा केला आणि गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाचा अभ्यास करणाऱ्याला आजही याच भिंतीपाशी यावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की या लेखात व्यापाराचे नावही नाही. तो यज्ञांचा लेख आहे, राजघराण्याचा डौल आहे. त्यावरून रहदारी कशी सिद्ध होणार? आक्षेप रास्त आहे, आणि माथ्यावरच्या दगडी रांजणाची गोष्ट सांगून तो परतवता येणार नाही. त्या रांजणात जकातीची नाणी टाकत असत, ही समजूत सर्वदूर आहे आणि पर्यटकांना ती आवडते. पण जकात घेतल्याचे किंवा तिचा दर सांगणारे एक अक्षरही तिथे कोरलेले नाही. ज्याचा लेखी आधार नाही त्यावर मुख्य युक्तिवाद उभा करू नये. रांजण बाजूला ठेवूनही प्रश्न उरतोच: यज्ञांचा हिशेब घाटाच्या तोंडाशी का कोरला? राजधानी पैठण. यज्ञ झाले ते पठारावर कुठेतरी. ब्राह्मणांना वाचून दाखवायचा असता तर लेख यज्ञभूमीजवळ असता. राजघराण्याच्या मूर्ती आणि संपत्तीचे आकडे अशा जागी मांडले गेले जिथे खालून धापा टाकत आलेला माणूस पहिल्यांदा विसावतो. देवळाच्या दारावर देणगीदाराचे नाव लावतात तसे हे आहे: ये-जा करणाऱ्याने ते पाहावे म्हणूनच ते दारावर असते. रिकाम्या वाटेवर कोणी एवढा खर्च करत नाही. शिवाय गाई-हत्तींचे आकडे यज्ञाच्या भाषेतले, फुगवलेले असतील असे धरले तरी कार्षापणांचा उल्लेख शिल्लक राहतो. दक्षिणा रोख नाण्यांत मोजणारे राज्य हे नाणे खेळते असलेले राज्य असते, आणि नाणे खेळते ठेवायला वाटा लागतात.

तरीही हा सगळा राजाच्या बाजूचा पुरावा झाला. मला अधिक मोलाची वाटते ती या लेण्याच्या आसपासची टाकी. कातळात खोदलेली, पावसाचे पाणी साठवणारी, उन्हाळ्यातही वाटसरूची तहान भागवणारी. त्यांच्यावरच्या छोट्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. एका लेखानुसार सोपाऱ्याच्या गोविंददासाने असे टाके दान केले. दुसरा लेख वासिष्ठीपुत्र चतरपण शातकर्णीच्या तेराव्या राज्यवर्षातला, म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकातला. त्यात कामवन इथल्या दामघोष नावाच्या गृहस्थाचे दान नोंदले आहे. हे राजे नव्हते. सोपाऱ्याच्या माणसाने समुद्रकिनाऱ्यावरून इतक्या लांब येऊन, डोंगराच्या अंगावर, आपल्या नावाने पाणी का बांधावे? त्याचा, त्याच्या मालाचा किंवा त्याच्या ओळखीच्या माणसांचा या वाटेशी नित्याचा संबंध होता म्हणून. होरेसच्या गावात पाणी विकत मिळत होते; नाणेघाटात ते दान म्हणून मिळत होते. दोन्हीकडे बोध एकच निघतो, की पाण्याची मागणी कायमची होती.

याच टाक्यांनी दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर मिळते. कोणी म्हणेल, पेरिप्लसच सांगतो की कल्याणचा व्यापार अडवला गेला; मग नाणेघाटाची वाट पहिल्या शतकातच ओस पडली असेल, आणि तिच्यावर एवढी मदार ठेवण्यात अर्थ नाही. पण दामघोषाचे दान पेरिप्लसनंतरच्या पिढ्यांतले आहे. अडथळ्याच्या काळातलाही पुरावा हाती आहे. पश्चिमी क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी जुन्नरला टाके आणि मंडप दान केल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. क्षत्रप घाटमाथ्यावर पोहोचले होते आणि पाणी-निवाऱ्याची सोय करत होते. जुन्नरच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराचा मुलगा सुलसदत्त दान देतो. इरिल, चित आणि चंद या नावांचे यवन, म्हणजे ग्रीक वा ग्रीकांच्या संबंधातले लोक, तिथे टाकी, भोजनमंडप आणि गाभाऱ्याचे दार देतात. कल्याणची माणसे कान्हेरीतही आहेत, त्यांत नंद नावाचा लोहार आहे. सत्ता बदलल्या, बंदरावर पहारे बसले, ग्रीक गलबते उत्तरेला वळवली गेली, पण देशी माणसांची ये-जा थांबली नाही. परदेशी व्यापाराला बसलेला अटकाव आणि वाटेचा मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पेरिप्लस पहिलीबद्दल बोलतो, दुसरीबद्दल नाही.

तिसरा आक्षेप भूगोलाचा. सह्याद्रीत घाट पुष्कळ आहेत. नाणेघाटातच लेख सापडला म्हणून त्याला मोठे करायचे का? हे मान्यच केले पाहिजे की नाणेघाट एकटा नव्हता, आणि इथेच शहापूरचा भाग पुढे येतो. नाशिकच्या लेण्यातल्या नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी धर्मशाळा, बागा, तळी आणि विहिरी केल्याचे आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे सांगितले आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकलगतचे ठिकाण, शूर्पारक म्हणजे सोपारे. वाटेच्या दोन्ही टोकांना एकाच माणसाने निवारे बांधले आहेत, आणि या दोन टोकांना जोडणारी सोयीची उतरण थळघाटाची, म्हणजे आजच्या कसारा-शहापूरच्या अंगाची आहे. लेखात या टप्प्याचे नाव नाही हे खरे. पण वरच्या आणि खालच्या मुक्कामांची सोय करणारा माणूस मधला रस्ता हवेतून पार करत नव्हता. मुरबाडच्या डोक्यावर नाणेघाट आणि शहापूरच्या डोक्यावर थळघाट, अशा दोन दारांच्या आतला हा प्रदेश आहे. इतर घाटांची गर्दी जेवढी दाखवाल तेवढे या मुलखाचे पारडे जडच होईल.

सगळ्यात कठीण आक्षेप शेवटी. वाट होती हे मान्य, पण वस्ती होती का? काफिले कल्याणहून निघून घाटापर्यंत रानातूनच गेले असतील. इथे पुरावा विरळ आहे आणि तो आहे त्याहून जास्त सांगू नये. पण तो शून्य नाही. मुरबाड तालुक्यातल्या सोनावळे गावाजवळ, गणेश गडद नावाने लोक ओळखतात त्या डोंगरात, बौद्ध धाटणीची लेणी आहेत. भिक्षूंचा विहार रानात टिकत नाही. भिक्षा रोज लागते, आणि ती ज्यांच्याकडे धान्य आहे त्यांच्याकडूनच येते. लेणी खोदायला कारागीर लागतात आणि त्यांना महिनोन्महिने जेवू घालावे लागते. म्हणजे जवळपास भात पिकवणारी, थोडेफार शिल्लक ठेवणारी गावे होती. आणि घाटाचे स्वरूपच असे आहे की मदतीला स्थानिक माणूस असल्याशिवाय तो चालूच शकत नाही. पेरिप्लसमधल्या गाड्या पठारावरच्या. नाणेघाटाच्या पायऱ्यांवरून गाडी चढत नाही. पायथ्याशी माल उतरवायचा, बैलांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर द्यायचा, माथ्यावर पुन्हा गाडीत भरायचा. त्यासाठी पायथ्याला माणसे, जनावरे, चारा आणि झोपायला जागा हवी. पावसाळ्यात पायऱ्या घसरड्या होतात, दगड निखळतात, वाट वाहून जाते. दरवर्षी ती कोणीतरी दुरुस्त करते. राणीच्या लेखात या कोणाचेही नाव नाही. टाक्यांच्या दात्यांची नावे आहेत, खोदणाऱ्यांची नाहीत.

नंतरच्या काळातली देवाणघेवाण इथे पुरावा म्हणून आणण्याचा मोह होतो. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. घाटावरचे लोक बैल आणि घोंगड्या घेऊन खाली उतरतात, कोकणातले खरेदीला जमतात. मिठागरांचे मीठ वंजाऱ्यांच्या बैलांवरून घाट चढायचे आणि धान्य उतरायचे, हेही रस्ते होईपर्यंत चालू होते. यांवरून सातवाहन काळाविषयी काही सिद्ध होत नाही. दोन हजार वर्षांची अखंड परंपरा सांगणे म्हणजे कल्पनेला इतिहास म्हणणे होईल. मात्र त्यातून एक गोष्ट नक्की कळते: समुद्राचे मीठ, कोकणचा भात, देशावरची जनावरे आणि लोकर या मालाला घाटाखाली अदलाबदलीची जागा लागते, आणि ही गरज राजांच्या नाही तर जमिनीच्या घडणीतून येते. सातवाहन काळी जमीन याहून वेगळी नव्हती.

हा मुलूख पुढे ग्रंथांत आला, पण तेव्हाही बाहेरच्यांच्या निमित्तानेच. शहापूरजवळच्या माहुलीच्या किल्ल्याचे नाव १६३६ मध्ये इतिहासात ठळक होते, कारण शहाजीराजे निजामशाहीच्या बाल वारसाला घेऊन तिथे राहिले आणि मोगल-आदिलशाही फौजांपुढे त्यांना किल्ला सोडावा लागला. रेल्वे १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळघाटातून इगतपुरीला पोहोचली, तेव्हा नोंदी झाल्या त्या बोगद्यांच्या आणि इंजिनिअरांच्या. रेल्वेने थळघाट निवडला आणि त्या दिवसापासून नाणेघाटाचे मालवाहतुकीतले दिवस भरले. आज शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि मुंबईचे पाणी तानसा, भातसा, वैतरणेच्या खोऱ्यांतून जाते. वाट आणि पाणी या दोनच कारणांनी या मुलखाकडे पाहिले जाते, हे सातवाहन काळापासून चालत आले आहे.

म्हणून एक मागणी करावीशी वाटते. नाणेघाटाचा लेख राष्ट्रीय वारसा म्हणून जपला जातो ते योग्यच आहे, पण त्याच्या खालच्या २५-३० किलोमीटरच्या पट्ट्याची गावोगाव पाहणी व्हायला हवी. वैशाखरे-टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत आणि कसाऱ्यापासून आसनगावपर्यंत जुनी टाकी, बांधीव विहिरी, खापरांच्या राशी, वीरगळ, शेताच्या बांधावर टाकून दिलेले कोरीव दगड यांची नोंद व्हावी, आणि ती नवे रस्ते, धरणे आणि घरांच्या प्रकल्पांसाठी खोदकाम सुरू होण्याआधी व्हावी. खोदकामात जे जाते ते परत मिळत नाही. या तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना हे काम करता येण्यासारखे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही: पायी हिंडण्याची तयारी, मोजपट्टी, छायाचित्र आणि गावातल्या वयस्क माणसांशी बोलण्याची सवड पुरते. तुमच्या बांधावर असा दगड असेल तर तो हलवू नका, रंगवू नका; आहे तिथेच त्याचे छायाचित्र काढून पुरातत्त्व खात्याला कळवा.